विटांवाले सर

सर पहिल्या भेटीत कुणालाही ‘कसे आहात’ असं विचारत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला असे, आणि तो ते डॉक्टरने दुखणं विचारावं तसा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारत.

“तुम्ही लहानपणी ज्या घरात राहायचात, तिथली स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडायची?”

मी तेव्हा त्यांच्या दारात भिजलेली बॅग घेऊन उभी होते. आयर्लंडमधल्या स्लायगोजवळच्या एका कारखान्यात, हृदयात बसवायच्या नळ्या तपासायची नोकरी मला लागली होती आणि राहायला जागा मिळत नव्हती. कुणीतरी सांगितलं होतं की हॉस्पिटलमधल्या एका मराठी डॉक्टरीणबाईंकडे खोली आहे. दार उघडलं ते मात्र पंचावन्नच्या आसपासच्या, कानटोपी घातलेल्या या गृहस्थांनी, आणि उघडताक्षणी खिडकीची चौकशी केली.

“डक्टमध्ये,” मी म्हटलं. कोथरूडचा आमचा फ्लॅट तसाच होता.

सरांचा चेहरा पडला. “डक्टमध्ये,” ते हळूच म्हणाले, आणि आत वळून ओरडले, “अगं, हिला पुढची खोली दे. मागच्या खोलीतून भिंतच दिसते. पोरीने लहानपणी पुष्कळ भिंत बघितली आहे.”

अशी मला डोंगर दिसणारी खोली मिळाली.

त्यांना सगळेच सर म्हणत. मॅडम म्हणजे त्यांची बायको भूलतज्ज्ञ होती, शांत आणि नेमकं बोलणारी. ती त्यांना नावाने हाक मारायची, पण चिडली की तीही ‘सर’ म्हणायची. नागपूरच्या कॉलेजात सरांनी वीसएक वर्षं वास्तुकलेचा इतिहास शिकवला होता. मॅडमना इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली तेव्हा, आयुष्यभर बायको आपल्यामागे फिरली, आता आपली पाळी, असं म्हणून ते सगळं सोडून आले. इथे त्यांना कुणी शिकवायला घेतलं नाही. आर्किटेक्ट म्हणून नाव नोंदवायचं तर पुन्हा परीक्षा, पुन्हा अनुभव, आणि सर म्हणायचे, “मी कुठे घरं बांधायचो? मी पोरांना बघायला शिकवायचो. बघण्याचं लायसन कुठे मिळतं ते सांगा.” पाहुणे आले की स्वतःची ओळख अशी करून देत: “आधी लेक्चरर, मग रीडर, मग प्रोफेसर, आणि आता व्हिसावर लिहिल्याप्रमाणे डिपेंडंट. चढती कमान.” सगळे हसायचे. मॅडम उठून चहा टाकायला जायच्या.

छत्री ते वापरत नसत. छत्री उघडली की माणसाला फक्त दुकानांच्या पाट्या दिसतात, वरचं काहीच दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आयर्लंडमध्ये छत्री न वापरणं म्हणजे कायम ओलं असणं. सर कायम ओले असत. सर्दी, खोकला, कानटोपी आणि वर लागलेली नजर. रस्त्यावरची माणसं त्यांना चुकवून पुढे जात.

मध्ये सहा-सात महिने त्यांनी एका हार्डवेअरच्या दुकानात काम केलं. एक दिवस एक शेतकरी आला. आजोबांच्या दगडी घराला त्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा करायचा होता. सरांनी त्याला सिमेंट विकायला चक्क नकार दिला. “तुमचं घर इतकी वर्षं चुन्यातून श्वास घेतंय,” ते त्याला म्हणाले, “आणि तुम्ही त्याच्या नाकावर उशी दाबायला निघालात.” शेतकरी आधी हसला, मग संतापला. दुकानाचा मालक सभ्य होता. त्याने मॅडमना फोन करून सांगितलं, “युवर मॅन इज ग्रँड, खरंच ग्रँड. पण तो गिऱ्हाइकांना माल घेऊ नका म्हणून सांगतो हो.” मॅडमनी माफी मागितली. सर त्या दिवशी खूष होते. “घर वाचलं,” म्हणाले. घर काही वाचलं नाही. पुढच्या महिन्यात आम्ही तिकडून गेलो तेव्हा ते गुळगुळीत राखाडी झालेलं होतं. सरांनी गाडीत तोंड फिरवून घेतलं.

पण सरांचं खरं दैवत होतं स्लायगोपासून अर्ध्या तासावरच्या एका छोट्या गावातलं विटांचं चर्च.

मला ते पहिल्यांदा तिकडे घेऊन गेले तो रविवार होता. पोहे खाऊन निघालो. गाडी लावल्यावर म्हणाले, “वर बघू नकोस. माझ्या मागून ये आणि मी सांगेपर्यंत बुटांकडे बघ.” पावसाची भुरभुर होती. मी बुटांकडे बघत चालले. त्यांनी मला एका भिंतीच्या अगदी पुढ्यात उभं केलं. “आता एकच वीट बघ. तुझ्या नाकासमोरची.”

ती वीट लाल नव्हती. काळी-जांभळी होती, एका बाजूने फुगलेली, आणि पावसात वांग्यासारखी चमकत होती.

“भट्टीत जास्त भाजली की वीट अशी होते. आपल्याकडे हिला खंगर म्हणतात. फेकून देतात. बरं, आता हिच्या शेजारची बघ. आता वरची. आता बघ वर.”

मी वर पाहिलं आणि एक पाऊल मागे सरले. इथली चर्चं म्हणजे करड्या दगडाची, टोकदार, सगळी एकाच साच्यातली. हे तसं नव्हतं. कागदाला घड्या घालाव्यात तशी ती अख्खी दर्शनी भिंत विटांनीच घड्या घालून उभी केली होती. प्रत्येक घडीची कड सुरीसारखी धारदार, आणि मध्याकडे जाताना प्रत्येक घडी आधीच्या घडीपेक्षा उंच. वेगळा मनोरा नव्हता. भिंतच चढत चढत मनोरा झाली होती. दार त्या घड्यांच्या पोटात खोल बसवलेलं. एवढी मोठी वस्तू आणि तीत मला कुठेही स्वस्थता दिसेना. काहीतरी ओरडायच्या बेतात असावं, तशी ती होती.

“घाबरली ना?” सर आनंदाने म्हणाले. “घाबरायलाच पाहिजे. हे घाबरलेल्या माणसांचं आर्किटेक्चर आहे.”

मग त्यांनी पावसातच शिकवायला सुरुवात केली. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा उत्तर जर्मनीत आणि हॉलंडमध्ये तरुण आर्किटेक्ट परत आले. सरळ, शहाण्या, आज्ञाधारक इमारती बांधायची त्यांना किळस आली होती. मनातली भीती आणि आशा भिंतीवर दिसली पाहिजे असं त्यांना वाटत होतं. दगड महाग होता, हाताशी वीट होती. त्यांनी वीट तिरकी लावली, टोकावर उभी केली, बाहेर काढली, आत ढकलली. एक्स्प्रेशनिझम म्हणतात तो हा. त्याच सुमारास या गावचा एक पाद्री शिकायला जर्मनीत होता. तो परत आला तो हे डोक्यात घेऊनच. त्याने एक कोवळा आर्किटेक्ट गाठला आणि त्यालाही तिकडच्या इमारती बघायला धाडलं. तिथल्यासारखी गडद वीट आणायची ऐपत नव्हती. जवळच्या वीटभट्टीवाल्याकडे करपलेल्या विटांचा ढीग पडला होता. पाद्री म्हणाला, त्याच द्या.

“एक वीट दुसरीसारखी नाही,” सर म्हणाले. “गवंड्यांनी शिव्या घातल्या असतील. सरळ ओळ एकही नाही, आणि तरी सगळं ओळंब्यात. सांग, हे कुठे बघायला मिळेल?”

गावातले लोक त्याला ‘भट्टी’ म्हणत. प्रेमाने म्हणत की कसे, ते मला तेव्हा कळलं नाही.

आत जायचं तर किल्ली किटीबाईंकडे. किटी नावाची ऐंशीच्या घरातली, बारीक, ताठ बाई, चर्चसमोरच्या, कौन्सिलने भाड्याने दिलेल्या घरात एकटी राहायची. लग्न केलेलं नव्हतं. कितीतरी वर्षं रोज सकाळी तीच दार उघडायची आणि संध्याकाळी लावायची. सर तिला किटीबाई म्हणत. तिला तो शब्द आवडे, ती स्वतःही तसं म्हणायला शिकली होती. सर आले की ती किल्ली घेऊन यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि त्यांचं सगळं ऐकून घ्यायची. विटांचं, जर्मनीचं, चुन्याचं. फारसं बोलायची नाही. जाताना डब्यात घालून केक द्यायची. मॅडम तो डबा प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवत आणि पुढच्या खेपेला त्यातून शंकरपाळे पाठवत.

त्या दिवशी सरांनी मला शेवटच्या बाकावर किटीबाईंशेजारी बसवलं आणि स्वतः पुढे, प्रवचन देतात त्या उंच विटांच्या चौथऱ्यावर चढले. तिथून ते कुजबुजले, “पोहे जरा कोरडे झाले होते.” प्रत्येक शब्द माझ्या कानाशी उमटला. छताच्याही घड्याच होत्या, आणि त्या आवाज उचलून मागे आणून टाकत होत्या. मी हसले. सर वरून लहान मुलासारखे हात हलवत होते. किटीबाई हसल्या नाहीत. मला त्या वेळी एवढंच वाटलं की त्यांना मराठी कळलं नसणार.

सरांना हे चर्च जगाला दाखवायचं होतं. एकदा गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी डब्लिनच्या मराठी मंडळींना इतकी गळ घालून बोलावलं की तिथल्या सिटीवेस्ट भागातून दोन गाड्या भरून लोक आले. थर्मास, इडल्या, पोरंटोरं. सरांनी सगळ्यांना बुटांकडे बघायला लावलं. मग वर बघायला सांगितलं. एक मुलगा म्हणाला, “बाबा, इज धिस इट?” त्याचे वडील ओशाळून म्हणाले, “सर, खरं सांगू का, मला तर हे कारखान्यासारखं वाटतंय.”

मला वाटलं, सर आता चिडणार. सरांनी त्यांचा हात हातात घेतला. “बरोबर! तुमची बघायला सुरुवात झाली!”

चिडायचे ते सिमेंटवर. पूर्वी कधीतरी कुणी या विटांमधल्या फटी सिमेंटने भरल्या होत्या. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडू शकत नव्हतं, आणि थंडीत ते गोठलं की विटांचे पापुद्रे सुटून पडत. “काय करून ठेवलं बे यांनी!” सर अस्सल नागपुरीत ओरडत आणि भिंतीच्या पायथ्याशी पडलेले पापुद्रे गोळा करून कोटाच्या खिशात भरत. त्या तुकड्यांनी मॅडमचं वॉशिंग मशीन बिघडलं. मॅडम मला म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याचं बाहेर प्रकरण असतं तर निदान खिशात चिठ्ठ्या सापडल्या असत्या गं.”

चर्च बंद होणार ही बातमी आम्हाला किटीबाईंनीच सांगितली. प्रार्थनेला जेमतेम दहा-बारा म्हातारी माणसं येत होती. पाद्री तीन गावांत मिळून एक. छत गळत होतं. बिशपच्या ऑफिसने ठरवलं की इमारत पाडायची आणि जागा घरांसाठी विकायची. इमारत संरक्षित यादीत नव्हती. ती कुणी कधी त्या यादीसाठी सुचवलीच नव्हती.

सरांना मी तसं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते रोज दाढी करायला लागले. जेवणाच्या टेबलावर मोठे कागद पसरले, चर्चची मोजमापं घेतली, घडीन्‌घडी काढली. डब्लिनच्या बॉल्सब्रिजमधल्या एका ऑफिसातून जुन्या इमारती जपण्याचं काम करणाऱ्या एक आर्किटेक्ट बाई आल्या. दिवसभर सरांबरोबर फिरल्या आणि संध्याकाळी आमच्याकडे वरणभात जेवल्या. निघताना म्हणाल्या, “या देशात विटांची अशी दुसरी इमारत मी पाहिलेली नाही. संरक्षित यादीसाठी तुमचा अर्ज गेला की ती पाडणं त्यांना अवघड आहे. आणि हे संपलं की आमच्या ऑफिसात एकदा येऊन बोला. आम्हाला तुमच्यासारखा माणूस हवा आहे.”

त्या गेल्यावर सर खुर्चीत बसून राहिले. मॅडमनी त्यांच्या डोक्यावरून कानटोपी काढली आणि केसांतून हात फिरवला. मी माझ्या खोलीत निघून गेले.

अर्ज पाठवण्याआधी सरांना गावाची साथ हवी होती. त्यांनी चर्चच्या हॉलमध्ये सभा ठेवली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाची मोठी किटली, बिस्किटं. अपेक्षेपेक्षा खूप लोक आले. सरांनी नागपूरहून आणलेला सूट घातला होता. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली आणि ते बोलले. सुंदर बोलले. युद्ध, भीती, करपलेल्या विटा, छताच्या घड्या. “तुमच्या गावातल्या पाद्र्याची कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावी, अशी ही रचना आहे,” असं म्हणाले. शेवटी त्यांनी त्या पाद्र्याचा जुना फोटो दाखवला. रुंद कपाळ, जाड भुवया. “या द्रष्ट्या माणसाने तुम्हाला हे दिलं. तुम्ही त्याचे वारस आहात.”

हॉलमधल्या माना खाली गेल्या. आदराने गेल्या असं सरांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

किटीबाई उठून उभ्या राहिल्या. खुर्चीची पाठ त्यांनी धरली होती.

“तुम्ही चांगले गृहस्थ आहात,” त्या सरांना म्हणाल्या. “तुमच्यासाठी दार उघडायला मला कधी जड गेलं नाही. पण तुम्ही त्याचा फोटो लावलात, म्हणून बोलते. माझी बहीण नोरा एकोणीस वर्षांची होती. तिला दिवस गेले होते, लग्न झालेलं नव्हतं. तो तोवर म्हातारा झाला होता. एका रविवारी तो त्या चौथऱ्यावर चढला आणि त्याने तिचं नाव घेतलं. तिचं नाव, वडिलांचं नाव, आमच्या घराचं नाव. सगळं गाव बसलेलं होतं.”

किटली कुठेतरी सूं करत होती.

“तुम्ही आवाजाचं म्हणालात ते खरं आहे. तो ओरडला नव्हता. अगदी हळू बोलला. आम्ही शेवटच्या रांगेत होतो, आणि आम्हाला सगळं ऐकू आलं.”

त्यांनी पडद्यावरच्या फोटोकडे पाहिलं.

“त्याच आठवड्यात, अशा मुलींना नन्सच्या आश्रमात नेऊन ठेवत, तिथली गाडी आली. आईने तिच्या अंगावर कोट घातला. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही. तिलाही नाही, बाळालाही नाही. आम्ही कुणी तोंडातून शब्द काढला नाही. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्याच घरच्यांनी काढला नाही. ही इमारत पडलेली मला बघायची आहे. मरायच्या आधी. एवढंच.”

आणि त्या बसल्या.

सर पुढे तसेच उभे होते. पाद्री पडद्यावर होता. सरांनी तो घालवायला लॅपटॉपची कुठली कुठली बटणं दाबली, पण स्क्रीन अडकला होता. ते पुन्हा पुन्हा दाबत राहिले. शेवटी मी पुढे जाऊन वायर ओढली. मग लोक उठले, एकमेकांकडे न बघता कप गोळा करून सिंकमध्ये ठेवले आणि गेले. कुणी सरांना दोष दिला नाही. दोघांतिघांनी जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटतं, त्यानेच ते जास्त खचले.

अर्ज तयार होता. टेबलावर पडून होता. मुदत संपायला आठवडा राहिला होता आणि सर त्याच्याकडे न बघता बाजूला ताट ठेवून जेवत होते. मॅडम एरवी भांडत नसत. त्या दिवशी ड्यूटीवरून आल्या त्या तशाच, कोट न काढता त्यांच्यासमोर बसल्या.

“पाठव तो. इथे आल्यापासून मी तुला पहिल्यांदा माणसात पाहिलंय. पाठव.”

“मी पोरांना शिकवायचो, इमारत बोलते म्हणून,” सर म्हणाले. “इतक्या वेळा त्या चौथऱ्यावर चढलो. मला काही ऐकू आलं नाही. तिथून मी पोह्यांबद्दल बोललो.”

“बोलला तो माणूस. त्यात विटांचा काय गुन्हा?”

“विटांचा नाही. पण त्या बाईने रोज सकाळी ते दार उघडायचं आणि मी तिला सांगायचं की हे किती सुंदर आहे?”

“आणि पाडलं तर नोरा परत येणार आहे?”

सरांनी हातातला घास ताटात परत ठेवला. “नाही. पण किटीबाईंना एक दिवस तरी बरं वाटेल. माझ्या हातात तेवढंच आहे. तेवढंच मला करू दे.”

मॅडमनी कोट काढून खुंटीला लावला आणि त्याला कपाळ टेकून उभ्या राहिल्या.

अर्ज गेला नाही. बॉल्सब्रिजच्या बाईंचे फोन आले. सरांनी उचलले नाहीत. एकदा मी उचलला, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं काही चुकलं का?” मी नाही म्हटलं. मग त्यांचेही फोन थांबले.

पुढच्या वर्षी मॅडमनी डब्लिनच्या हॉस्पिटलात बदली घेतली आणि दोघं सिटीवेस्टला राहायला गेले. तिथे सगळी घरं नवी, एका रांगेत, एका रंगाची. मी मधूनमधून जाते. सर टीव्हीसमोर बसलेले असतात, टीव्हीचा आवाज बंद असतो. कसे आहात विचारलं की ‘ग्रँड’ म्हणतात, म्हणजे मजेत. मॅडम स्वयंपाकघरातून म्हणतात, “हा एकच शब्द शिकला बघ या देशात.” त्यांनी एकदा मुद्दाम बोटीची तिकिटं काढली, हॉलंडमध्ये तुझ्या त्या इमारती बघून येऊ म्हणाल्या. सर म्हणाले, तू जाऊन ये. आता ते घरातून बाहेर पडतात ते औषध आणायला. परवा मी गेले तेव्हा मॅडमनी मला दारापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, “तुला काय वाटतं, मी तेव्हा तो अर्ज स्वतः पाठवून द्यायला हवा होता का?”

मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत राहिले. कारण त्यांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत आहे.

ते दोघं अजून स्लायगोत होते तेव्हाची. चर्च पाडलं त्या आठवड्यात सर घराबाहेर पडले नव्हते. रविवारी किटीबाईंचा फोन आला. म्हणाल्या, येऊन जाता का? मॅडम ड्यूटीवर होत्या. मी गाडी काढली. सरांनी वाटेत एकदाच तोंड उघडलं. “आज तरी त्यांना शांत वाटत असेल,” असं ते स्वतःशीच म्हणाले.

किटीबाई रस्त्यावर, लोखंडी कुंपणाशी उभ्या होत्या. सगळं साफ केलेलं होतं. विटा भरडून कुठल्याशा रस्त्याखाली घालायला नेल्या होत्या. उरली होती चिखलाची मोकळी जागा, आणि तिच्या पलीकडे घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेले कपडे, एक ट्रॅम्पोलिन. आजवर जे कधी दिसत नव्हतं ते सगळं दिसत होतं.

सर त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“पडताना मी पाहिलं,” किटीबाई म्हणाल्या. “खिडकीत खुर्ची घेऊन बसले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहिलं.”

“हो,” सर म्हणाले.

“मला वाटलं होतं हलकं वाटेल.”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“आई गेल्यावर आमचं घर विकलं. ज्याने घेतलं त्याने पाडून नवं बांधलं. दुकानं बदलली. बस आता दुसरीकडे थांबते. मी ते दार एवढी वर्षं का उघडत होते, ते मला कुणी कधी विचारलं नाही. नोरा आलीच कधी, तर तिला या गावात ओळखू येईल असं हे एकच होतं. तिला त्याची चीड असेल, पण ओळखू तर येईल. आली तर ती इथे येईल, आणि इथे मी असेन.” त्यांनी कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवली होती. “काल रात्री हे माझ्या ध्यानात आलं. आधी आलंच नाही.”

नोरा जिवंत असली तर किटीबाईंपेक्षाही मोठी असणार होती. सरांच्या मनात ते आलं असेलच. माझ्याही आलं. पण ते कुणी म्हणणार नव्हतं.

आयुष्यभर इंग्रजीत शिकवत आलेला तो माणूस. पण त्याला त्या वेळी इंग्रजीचा एक शब्द सापडेना. मग ते माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, “किटीबाईंना सांग, मला माहीत नव्हतं.”

मी सांगितलं.

किटीबाईंनी जाळीतून हात काढला नाही. त्या मोकळ्या जागेकडे बघतच म्हणाल्या, “मलाही नव्हतं.”